पुण्याचं बिऱ्हाड फ्लोरिडाच्या रोपवेवर

मेचा पहिला शनिवार : रायगड

टॅम्पाला राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिराने, निखिलने, आमचं डिस्नी वर्ल्डमधलं हॉटेल परस्पर ठरवून टाकलं आणि वर फोटो पाठवला. तळं, तळ्यावर पूल आणि पुलावरून आकाशात निघालेली रंगीत डब्यांची रांग, म्हणजे डिस्नीचा स्कायलायनर नावाचा रोपवे. फोटो बघून आमचा लेक ईशान नाचायला लागला. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, चष्मा काढून ठेवला. "त्या टांगत्या डब्यात मी बसणार नाही. तुम्ही जा, मी खोलीत जप करत बसेन."

त्यांची भीती उगाच नव्हती. १० एप्रिल २०२२ला, ऐन रामनवमीला, झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावरचा रोपवे बिघडला आणि माणसं हवेत अडकली. हवाई दलाची हेलिकॉप्टरं दोन दिवस त्यांना काढत होती. तिघांचा जीव गेला. सुटका करताना माणूस हातचा निसटला ते दृश्य वाहिन्यांनी इतक्यांदा दाखवलं, की आईंनी रोपवे या विषयावरच काट मारली.

अप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, सगळं आयुष्य भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये गेलं. बंद पडलेलं यंत्र दिसलं की ते खुलतात. "अगं, परदेशातला नंतर. आधी घरचा बघ की," असं म्हणून त्यांनी रायगडची रंगीत तालीम ठरवली.

पहाटे चांदणी चौकातून निघालो, मुळशी-ताम्हिणी-निजामपूर करत हिरकणीवाडी गाठली. सुट्ट्या आणि त्यात शनिवार, त्यामुळे अर्धं पुणे आमच्या आधी पोचलेलं. हा रोपवे १९९६पासून चालू आहे, आणि बांधला तो पुण्याच्याच जोग इंजिनिअरिंगने. हजारावर पायऱ्यांचं काम काही मिनिटांत होतं. रांगेत अप्पांनी आईंना नीट समजावून सांगितलं. इथले डबे दोराला कायमचे पकडलेले. एक बाजू वर चढते तेव्हा दुसरी खाली उतरते, दोघी एकमेकींचं वजन तोलतात. माणसं चढता-उतरताना सगळंच थांबतं.

चढताना आईंनी डोळे मिटून माझं मनगट धरलं होतं, बांगडीचे वळ उठले. वर पिठलं-भाकरी आणि गाडग्यातलं दही झाल्यावर मात्र उतरताना डोळे उघडे ठेवून "हिरकणी नेमकी कुठून उतरली असेल गं?" असं विचारून झालं. खाली पोचल्यावर निकाल जाहीर झाला, "बसेन. तिकडचाही असाच असेल ना?"

"तिकडचा अगदी वेगळा असतो," असं अप्पा म्हणणार एवढ्यात माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, त्यांचा पाय दाबला.

महिनाअखेर, गुरुवार-शुक्रवार : नुसता प्रवास

एक्सप्रेसवे, मुंबई विमानतळ, मधला एक थांबा, ऑरलँडो. आईंच्या पिशवीतला दशम्यांचा डबा अमेरिकेत शिरण्याआधीच संपवला, एवढंच सांगण्यासारखं.

शनिवार : पहिला फेरा

पॉप सेंच्युरी हे डिस्नीचं त्यातल्या त्यात स्वस्त हॉटेल. तरी पुण्याच्या हिशोबाने स्वस्त म्हणवत नाही. अंगणात चार मजली यो-यो वगैरे उभे केलेत. मागच्या बाजूला तळं, आणि तळ्यावरच्या पुलापाशी फोटोतलं ते स्थानक.

स्कायलायनर २९ सप्टेंबर २०१९ला सुरू झाला. ऑस्ट्रियाच्या डॉपेलमायर कंपनीने बांधला. आल्प्समधल्या बर्फाच्या डोंगरांवर रोपवे उभारण्यात या कंपनीची हयात गेली. इथे डोंगर नाही, सगळं सपाट. तीन मार्ग आहेत आणि ते कॅरिबियन बीच नावाच्या हॉटेलपाशी एकत्र येतात. एक आमच्या हॉटेलकडून, एक हॉलिवूड स्टुडिओज या पार्ककडे, एक रिव्हिएरा हॉटेलवरून एपकॉट या दुसऱ्या पार्ककडे. तिकीट नाही, पार्कचं तिकीट नसलं तरी कुणीही बसावं. एका डब्यात दहा माणसं मावतात, डबे सगळे मिळून तीनशेच्या आसपास.

आईंनी स्थानक बघितलं आणि पावलं थबकली. इथे काहीच थांबत नव्हतं. डबे एकामागून एक सरकत येत होते, दारं उघडत होती, माणसं चालत्या डब्यात पाय टाकत होती.

"हा रायगडसारखा नाही," आई म्हणाल्या. मिलिंद तळ्यातल्या बदकांकडे बघू लागला.

अप्पांना मात्र सुगी. कठड्याला टेकून ते मान वर करून छताकडे बघत उभे राहिले, आणि आम्हालाही बघायला लावलं. इथे दोर एकच आहे. तोच डबे पेलतो, तोच ओढतो, आणि तो अखंड फिरत असतो, ताशी साधारण १८ किलोमीटरने. डब्याच्या माथ्यावर स्प्रिंगची ताकद असलेली पकड असते, दोरीवरच्या कपड्याला लावलेल्या चिमट्यासारखी. स्थानकात शिरताना ती पकड उघडते, डबा दोरापासून सुटतो आणि वर ओळीने बसवलेली रबरी टायरं त्याचा वेग मारत त्याला चालत्या माणसाच्याही खाली आणतात. बाहेर पडताना उलट क्रम. टायरं डब्याला पळवत दोराच्या वेगाला आणतात आणि पकड पुन्हा बसते. "बघ, बसली. आता ती नीट बसली की नाही हे तपासतात. शंका आली तर सगळी लाइन ट्रिप, म्हणजे बंद," अप्पा म्हणाले. खरंच, कान दिला तर खट्ट असा आवाज यायचा, दर डब्यामागे एक.

आईंच्या हातातली काठी बघून तिथल्या मुलीने आम्हाला एक सोय सांगितली. व्हीलचेअरवाल्यांसाठी, किंवा ज्यांना चालत्या डब्यात चढवत नाही त्यांच्यासाठी, काही स्थानकांत डबा बाजूच्या फाट्यावर घेऊन पूर्ण उभा करतात. मुख्य ओळ तशीच चालू राहते. कॅरिबियन बीचला आम्ही हीच सोय घेतली. आई रायगडासारख्याच ऐटीत चढल्या. वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनो, संकोच न करता मागा. त्यासाठी व्हीलचेअरच हवी असं नाही.

रविवार : एपकॉट, आणि २०१९ची ती रात्र

एपकॉटचा मार्ग सगळ्यांत लांब, पाऊण तास लागतो असं वाटायला लावणारा, प्रत्यक्षात पंधराएक मिनिटांचा. डब्यात एसी नाही. फोटोत काचा गडद दिसतात म्हणून आम्ही एसी धरून चाललो होतो. खिडक्यांच्या फटींतून वारा खेळतो, पण तो डबा चालू असेपर्यंत. रिव्हिएराच्या थोडं आधी आमचा डबा हळू झाला आणि थांबला. खाली झाडं, पुढेमागे झुलणारे डबे, आणि ध्वनिक्षेपकावर एक गोड आवाज : थोड्या वेळात निघतोय.

फ्लोरिडाचं मे महिन्याचं ऊन आणि उभा डबा. मिनिटा-दोन मिनिटांत ईशानची पाठ ओली. आईंनी तुळशीबागेतला घडीचा पंखा काढला आणि अथर्वशीर्ष सुरू केलं. अप्पा शांत. "कुणाला तरी चढायला वेळ लागला असेल, बाजूचा फाटा सगळीकडे नसतो. एकच दोर आहे, एकाला थांबवायचं तर सगळेच थांबणार." दुसऱ्यांदा "त्वमेव केवलं कर्तासि"पर्यंत पोचेतो डबा निघाला.

असे छोटे थांबे इथे रोजचे आहेत. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, नंतर कुणी मोबाइलमधून मानही वर करत नाही.

पण रिव्हिएराचं स्थानक आलं तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं असं मिलिंदचं मत. मी आधी वाचून ठेवलेलं आईंसमोर सांगितलं. ५ ऑक्टोबर २०१९, शनिवारची संध्याकाळ, स्कायलायनर सुरू होऊन आठवडासुद्धा झालेला नव्हता. याच मार्गावर, याच स्थानकात, एक डबा अडला आणि मागचे त्यावर येऊन धडकले. काचा फुटल्या. मार्ग बंद पडला आणि माणसं तीन तासांहून जास्त वेळ अंधारात हवेत बसून राहिली. काहींना अग्निशमन दलाने उंच शिड्यांवरून उतरवलं. कुणाचा जीव गेला नाही. बांधणाऱ्या कंपनीसोबत तपासणी झाली, कामाच्या पद्धतीत आणि प्रशिक्षणात सुधारणा केल्याचं डिस्नीने सांगितलं आणि १४ ऑक्टोबरला डबे पुन्हा धावू लागले.

"तीन तास," आई म्हणाल्या. त्यांचा पुढचा प्रश्न अत्यंत रास्त होता, "आणि लघवीला?"

त्याचंही उत्तर बाकाखालच्या पेटीत आहे. अडचणीच्या वेळी उघडायची ती पेटी, त्यात पाणी वगैरे सामान ठेवलेलं असतं. आईंनी बाकाखाली वाकून पेटी आहे याची खात्री केली आणि मग एपकॉट येईपर्यंत बाहेर बघितलं. मेंटेनन्सवाल्याशी संसार केल्याचा गुण.

अप्पांचं लक्ष तिसरीकडेच होतं. पुढे मार्ग वळतो त्या ठिकाणी मधेच एक स्थानकासारखी इमारत लागते. तिथे कुणी चढत-उतरत नाही. ताणलेल्या दोराला वळण घेता येत नाही, म्हणून डबे तिथे एका दोरावरून सोडवून दुसऱ्या दिशेला लावून देतात. सगळे पर्यटक खाली तळ्याचे फोटो काढत होते, आमचे अप्पा छताचे.

एपकॉटबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. जपानच्या मंडपातला सरबती बर्फाचा गोळा चांगला होता.

सोमवार : मॅजिक किंगडम

डिस्नीच्या या पार्ककडे रोपवे जात नाही, बसने जावं लागतं. बस वेळेवर आली, एसी होती, आणि आईंना सगळ्या सहलीतलं हेच वाहन सर्वांत आवडलं. रात्री शोभेचं दारूकाम. परतीच्या रांगेत ईशान उभ्याउभ्या झोपला.

मंगळवार : वादळ

सकाळी हॉलिवूड स्टुडिओज, जाताना स्कायलायनर, सगळं सुरळीत. फ्लोरिडाच्या दोन्ही बाजूंना समुद्र. उन्हाळ्यात दोन्हीकडून आत येणारे खारे वारे मधोमध भिडतात आणि दुपारनंतर गडगडाट ठरलेला. वीज पडण्यात हा प्रदेश साऱ्या अमेरिकेत पुढे. निखिलने सांगितलं होतं, दुपारी तीननंतरचा कुठलाही बेत रोपवेच्या भरवशावर करू नका.

साडेतीनच्या सुमारास आम्ही परत निघालो. पश्चिमेकडे आभाळ काळंनिळं झालेलं, पण ऊन अजून अंगावर. स्थानकाच्या तोंडाशी साखळी लावून एक मुलगा उभा : बंद. आणि त्याच्या पाठीमागे डबे तर चालूच होते! रांगेतल्या एका गृहस्थाचा पारा चढला. पाऊस नाही, डबे फिरतायत, मग आम्हाला का अडवता? बरोबर लहान पोरं होती, मलाही त्याचं पटत होतं.

"बाहेर येणारे डबे बघ आणि आत जाणारे बघ," अप्पा मला म्हणाले.

बघितलं. येणाऱ्या डब्यांतून माणसं उतरत होती. जाणारे डबे सगळे रिकामे. हळूहळू येणारेही रिकामे यायला लागले, मग दोन माणसं एका डब्यात, मग चार-पाच डबे नुसतेच, मग एक आजीआजोबा, आणि मग रिकाम्या डब्यांची न संपणारी ओळ. बसमधून माणसाला कुठेही उतरवता येतं, रोपवेतून नाही. त्यामुळे वादळ डोक्यावर आल्यावर बंद करून चालत नाही, ते यायच्या आधी दोर रिकामा करावा लागतो. शेवटचा प्रवासी उतरल्यावर थोड्या वेळाने टायरांची घरघर थांबली. त्यानंतर पाचएक मिनिटांत असा पाऊस कोसळला की समोरचा दिवा दिसेना. तो गृहस्थही आमच्याच छपराखाली आला, आणि मघाचा विषय त्याने काढला नाही.

हॉटेलांकडे जाणाऱ्या बस लागल्या. गर्दी होती, वेळ लागला. त्या तासाभरात अप्पांनी आम्हाला इटलीची गोष्ट सांगितली, आणि या प्रवासातलं माझ्या डोक्यात बसलेलं तेवढंच.

माज्जोरे सरोवराच्या काठचं स्त्रेझा गाव, तिथून मोत्तारोने डोंगरावर जाणारा रोपवे. तिथे पेलणारा दोर वेगळा, ओढणारा वेगळा. ओढणारा तुटला तर डब्याच्या ब्रेकने पेलणाऱ्या दोराला धरून ठेवायचं, अशी रचना. तो ब्रेक काही दिवसांपासून कारण नसताना लागायचा आणि फेऱ्या खोळंबायच्या. टाळेबंदीनंतर नुकताच हंगाम उघडलेला. फेऱ्या खोळंबू नयेत म्हणून ब्रेकमध्ये लोखंडी चिमटे अडकवून तो उघडाच ठेवला होता, असं तपासात निघालं. २३ मे २०२१ला डबा वर पोचता पोचता ओढणारा दोर तुटला. ब्रेक लागलाच नाही. डबा उलटा घसरत गेला आणि कोसळला. १४ माणसं गेली, एक लहान मुलगा तेवढा वाचला.

"जंपर मारला होता," अप्पा म्हणाले. एमआयडीसीत काम केलेल्या कुणालाही हे कळेल. सेन्सर उगाच लाइन पाडतोय, वरून प्रॉडक्शनचा फोन येतोय, मग तारेचा तुकडा लावून सेन्सर बायपास करायचा, शिफ्ट काढायची, आणि तार तशीच राहते. "मीही तरुणपणी लोकांना मारताना बघितलाय. लाइन चालू ठेवायला शंभर माणसं मागे लागतात. बंद करणाऱ्याला सगळे शिव्या देतात."

मी विचारलं, म्हणजे हा स्कायलायनर वारंवार थांबतो हे चांगलं की वाईट?

"वेळ गाठायला वाईट. माझ्या बायकोला बसवायला चांगलं." मग जरा थांबून म्हणाले, "पण प्रत्येक थांबणं चांगलं असं नाही हं. २०१९ला डबे एकमेकांवर आदळले तेव्हा थांबायला उशीरच झाला होता."

गुलमर्गचंही निघालं. २५ जून २०१७ला वाऱ्याने झाड उन्मळून दोरावर पडलं आणि सात जण गेले. तिथे यंत्राचा दोष नव्हता. वारा आणि झाड. स्कायलायनरच्या खालची झाडं छाटलेली का दिसतात, ते मला तेव्हा कळलं. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एक ढगही नसताना सेवा का बंद ठेवतात, तेही.

बसमध्ये आईंना खिडकी मिळाली. डबे पावसात दोरावर तसेच लटकलेले दिसत होते. "आत कुणी नाही ना?" त्यांनी मिलिंदला विचारलं, आणि तो नाही म्हणाला तरी पुढच्या वळणापर्यंत मान वळवून बघत होत्या.

बुधवार : शेवटचा दिवस

सकाळी सामान बांधलं. विमान रात्रीचं. आईंनी स्वतःहून फर्मान काढलं, एक फेरी अजून, काही बघायला नको, नुसतं जाऊन यायचं. या वेळी त्यांनी बाजूचा फाटा घेतला नाही. काठी माझ्या हातात दिली, सरकत्या डब्याचा अंदाज घेतला, आणि डेक्कनला चालत्या बसमध्ये चढायच्या त्या काळातली एक लकब त्यांच्या पायांना आठवली असावी. चढल्या. बसल्यावर आधी बाकाखाली पेटी बघितली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. डिस्नीच्या अ‍ॅपवर स्कायलायनर चालू आहे की बंद ते दिसतं, खोलीतून निघायच्या आधी बघा. टेबलाचं आरक्षण किंवा विमान गाठायचं असेल तर बसचा वेळ हाताशी धरून निघा. दुपारच्या फेरीला पाणी सोबत ठेवा. डब्यात बसायच्या आधी सगळ्यांनी, आणि विशेषतः मुलांनी, बाथरूमला जाऊन या. यात लाजण्यासारखं काही नाही.

जून, पुणे

अप्पांचा तळजाई टेकडीवर फिरायला जाणारा ग्रुप आमचे फोटो बघायला घरी आला. चहा झाला, छताचे फोटो झाले, आणि विषय अपेक्षेप्रमाणे सिंहगडावर गेला. सिंहगडच्या रोपवेची चर्चा पुण्यात वर्षानुवर्षं चालू आहे. झाला तर घाटातली गाड्यांची रांग कमी होईल, म्हाताऱ्यांना वर जाता येईल, असं एक मत. गडाची शान जाईल हे दुसरं. तिकीट किती ठेवतील यावर अर्धा तास.

अप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "मला एकच सांगा. पावसाळ्यातला रविवार, खाली हजार-दोन हजारांची रांग, वर कुण्या बड्या माणसाचे पाहुणे खोळंबलेत, आणि वाऱ्याचा काटा लाल रेषेच्या वर गेलाय. बटणापाशी कंत्राटावरचा पंचविशीतला पोरगा. त्याने लाइन बंद केली तर सोमवारी त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार?"

"अहो अप्पा, आधी होऊ तर द्या," कुणीतरी म्हणालं.

"झाला की मी जाईन," आतून पोह्यांची बशी घेऊन येत आई म्हणाल्या, "पण वारा असेल त्या दिवशी नाही. आणि बाकाखाली पेटी ठेवायला सांगा त्यांना."